अर्धं झाकण

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
९ जानेवारी १९९७

ताई,

तुला आणि दाजींना जयभीम. दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर देतोय, रागावू नकोस. दाजी पत्र वाचून दाखवतात हे माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. कुठे अडलं तर दोष माझ्या अक्षराचा.

माझी तब्येत बरी आहे. तुमच्या खोलीत आता एक भय्या कुटुंब राहतं. त्यांनी दाराला निळा रंग दिलाय. शेवंती आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकला होता. पट्टी सुटली त्या दिवशी मला बघून म्हणाली, "ह्यो मास्तर व्हय? मला वाटलं कोन मोठा मानूस हाय. ह्याला तर मिशी बी धड न्हाय." सगळी चाळ हसली. दुसरा डोळा उन्हाळ्यानंतर करणार आहेत.

बालवाडी नवघरच्या त्याच खोलीत चालू आहे. मुलं एकतीस झाली. वासंतीबाई गिरगावातली जागा विकून इथे आल्या तेव्हा म्हणायच्या, दोन वर्षांत परत जाईन. आता म्हणत नाहीत. मला अजून मदतनीस म्हणूनच ठेवलं आहे, पण मोजमापाचा तास पूर्ण माझ्याकडे दिलाय. सध्या लांबी चालू आहे. परवा आम्ही वर्ग चपलांनी मोजला. भिंतीपासून भिंतीपर्यंत मुलांच्या सव्वीस चपला भरल्या. मग ईश्वर नावाचा एक मुलगा बापाची चप्पल घेऊन आला, तर सतराच भरल्या. तो म्हणाला, "माझा बाप आला की वर्ग लहान होतो." वासंतीबाई इतक्या हसल्या की खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, उदय, हेच शिकवायचं असतं, माप कुणाचं ते आधी विचारायचं.

वजनासाठी कपड्यांच्या हँगरचा तराजू केलाय. दोन बाजूंना नारळाच्या करवंट्या. मी तो तीन दिवस तासत होतो, कारण रिकामा असताना डावीकडे किंचित झुकायचा. मुलांना कळलं नसतं, पण मला दिसत होतं.

पाण्याची मापं बंद केली आहेत. बाटल्या, झाकणं सगळं काढून टाकलं. फार सांडतं.

स्नेहल शाळेत जाते ना? आता पहिलीत असेल. अंकलिपी कुठवर आली, पाटीवर लिहिते की वहीत, ते कळव. तुझ्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ होती.

जीवनला जाऊन सतरा महिने झाले. मोजत नाही असं म्हणत नाही.

जयंतीला गावी ये असं तू लिहिलंस. बघतो. सुट्टीचं विचारावं लागेल.

तुझा,
उदय


खारीगाव
२३ फेब्रुवारी १९९७

ताई,

पत्र मिळालं. दाजींचं अक्षर आहे, पण बोलणं तुझं आहे, वाचताना ऐकू येतं. तीन वेळा वाचलं.

गुरुजी स्नेहलला मंद म्हणतात, हे वाचून मला फार राग आला. कोण आहेत हे गुरुजी? तू लिहितेस की ते समोर खडे ठेवतात, मोज म्हणतात, आणि ती हात मागे घेऊन उभी राहते. 'एक' एवढंसुद्धा म्हणत नाही. छडी मारली तरी नाही. ताई, ती मुलगी मंद नाही. तुला आठवत नसेल, म्हणून लिहितो. साडेचार वर्षांची असताना मी तिच्यासमोर तुझ्या घरचा बुटका पेला आणि उंच ग्लास ठेवला होता. पेल्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि विचारलं, आता पाणी जास्त झालं का? त्या वयाची बाकी सगळी मुलं हो म्हणतात. उंच दिसतं ना. मी वीस मुलांना विचारलं होतं, वीसच्या वीस हो म्हणाली. स्नेहलनं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, तू येडाय का? तेच पाणी हाय." वासंतीबाईंनी त्या दिवशी तिला कडेवर घेऊन सगळ्या वर्गात फिरवलं.

तेव्हा गुरुजींचं मनावर घेऊ नकोस. मी सांगतो तसं कर. तिला मोज म्हणू नकोस. आकडा तोंडी आणूच नकोस. जेवायला बसताना ताटल्या मांडायला सांग, जितकी माणसं तितक्या. चुकली तरी बोलू नकोस, ज्याला ताटली मिळणार नाही तो आपोआप ओरडेल. तिला भाकरीच्या पिठाचे गोळे करायला दे, सगळे सारखे. शेण्या थापताना आपल्या हाताची वीत लावून बघू दे. दोरी दे आणि शेळीच्या पिल्लाची उंची घेऊ दे, दर रविवारी, गाठ मारून. गाठी वर सरकतात ते दिसलं की मुलाला वाढ म्हणजे काय ते कळतं. घाई करू नका. महिना लागेल, दोन लागतील.

सासूबाई तिला काय म्हणतात तेही तू लिहिलं आहेस. पाव्हण्यांसमोर म्हणतात, हीच ती, हिनंच आपल्या हातानं भावाला पाजलं. दाजी, हे तुम्हीच वाचत आहात, म्हणून तुम्हाला विनंती करतो. आईंना समजवा. पोर सहा वर्षांची आहे. तेव्हा पाच पुरी नव्हती.

यात माझा दोष आहे तो मी लिहून देतो. जीवनला आकडी आली आणि डॉक्टरांनी ते लाल औषध दिलं, त्या संध्याकाळी मी तुमच्या खोलीत होतो. तू बाटली हातात घेऊन म्हणालीस, "सकाळ-संध्याकाळचं मी देईन. दुपारच्याला मी गाळ्यावर, हे बी कामावर. पोरं शेवंती आजीकडं, पन तिला तर झाकनावरची रेघ दिसंना." मी म्हणालो, स्नेहल देईल. तू म्हणालीस, "एवढुशी पोर?" मी म्हणालो, तुझ्यापेक्षा नीट मोजते. एक थेंब सांडणार नाही. आजी मांडीवर धरेल, ही पाजेल. तू हसलीस, म्हणालीस, "व्हय रं मास्तर, तुझीच चेली." आणि झाकण तिच्या हातात दिलंस.

म्हणजे ते काम तिच्यावर मी टाकलं. पाचही पुरी नसलेल्या मुलीवर टाकायला नको होतं. आईंना हे सांगा. बोल लावायचा तर मला लावा, मी ऐकून घेईन.

आणि डॉक्टर काय म्हणाले तेही सांगा. ते म्हणाले होते की जीवन आधीपासून अशक्त होता, दोन दिवस जुलाब होत होते, फक्त औषधानंच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी तिथे उभा होतो, हे शब्द मला पाठ आहेत.

तू शेवटी लिहिलंस की तिला काहीही विचारलं, अगदी जेवलीस का विचारलं, तरी ती म्हणते, "मला विचारू नका, मी खोटं बोलते." ते कुठून आलं असं तू मला विचारलंस. लहान मुलं असं काही तरी धरून बसतात. विसरेल.

इकडे उकाडा सुरू झाला. शेवंती आजी आता एका डोळ्यानं सगळ्या चाळीवर नजर ठेवते.

उदय


(पोस्टकार्ड)

खारीगाव, १६ मार्च

ताई, जयभीम. पार्सल पाठवलं आहे. हँगरचा तराजू, चिंचोक्यांची पिशवी, रंगवलेल्या काड्या, दोरीचा गुंडा. तराजू रिकामा टांगून आधी सरळ राहतो का बघा. काड्या लहान ते मोठी अशा दहा आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक बोट जास्त, दोनदा तपासल्या. कार्डावर जागा कमी असते आणि पोस्टमनपासून सगळे वाचतात, म्हणून इतकंच. जयंतीचं अजून नक्की नाही. स्नेहलला तराजू आवडला का ते कळव.

उदय


खारीगाव, भाईंदर (पूर्व)
६ एप्रिल १९९७

दाजी,

हे पत्र तुम्हाला आहे. ताईसाठी, आईंसाठी आणि स्नेहलसाठीसुद्धा आहे, पण वाचणार तुम्ही, म्हणून नाव तुमचं घातलं. एक विनंती आधी करतो. सगळ्यांना घरात बसवा. स्नेहलला समोर बसवा, ताईजवळ. मग मोठ्यानं वाचा आणि मध्ये थांबू नका. राग येईल. तरीसुद्धा शेवटपर्यंत वाचा, कारण शेवट स्नेहलसाठी आहे.

ताईचं पत्र परवा आलं. पार्सल उघडलं तेव्हा स्नेहलनं तराजू बघितला, हात लावला नाही, आणि म्हणाली, "हे मामाचं हाय. मामाला परत द्या." रात्रभर ताप होता असंही लिहिलं आहे. ते पत्र खिशात घालून मी बालवाडीत गेलो.

दुपारी मुलं गेल्यावर शेवंती आजी आली. कधी येत नाही. दारात उभी राहिली, उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. म्हणाली, "पोरीचा कागद आला काय?" मी म्हणालो, आला, बरी आहे. ती म्हणाली, "मास्तर, मला आता दिसतं हाय. तुजं तोंड बी दिसतं." मी फळा पुसत राहिलो. ती म्हणाली, "त्या दिशी मी हितंच उबी व्हती. पोराला काखोटीला घेऊन. पोरीनं तुला इचारलं. तू काय बोल्लास त्ये मी ऐकलं. डोळं गेलं व्हतं, कान न्हाय." मी विचारलं, मग तेव्हा का बोलली नाहीस? ती म्हणाली, "मी अडानी बाई. तू मास्तर. माजं कोन ऐकनार? आनि मला वाटलं, तू बोलशील. आज बोलशील, उद्या बोलशील." मग जाताना म्हणाली, "मी न्हाय बोलनार. तुजं तू बोल."

फळा स्वच्छ होता तरी मी बराच वेळ पुसत होतो.

दाजी, आता सांगतो. क्रमानं सांगतो, नाही तर पुन्हा बाजूनं जाईन.

बालवाडीत तेव्हा मी पाण्याचं माप शिकवत होतो. औषधाच्या बाटल्यांची झाकणं जमवली होती. कुठल्या बाटलीत किती झाकणं पाणी मावतं ते मुलं मोजायची. माझा एक नियम होता. झाकण काठोकाठ भरायचं. मुलं निम्मंशिम्मं भरून एक म्हणायची, मग एकाच बाटलीत कुणाची बारा यायची, कुणाची वीस. ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून मी सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचो, काठोकाठ म्हणजे एक. कमी भरलं तर ते माप नाही. वासंतीबाई म्हणायच्या, "उदय, अरे सांडू दे. अर्धं, पाऊण, थोडंसं, हे मुलांना घरी रोज लागतं. ते शिकव." मी म्हणायचो, दिवाळीनंतर शिकवतो.

दिवाळीनंतर का, ते मी त्यांना सांगितलं नाही. मला ते येत नव्हतं. ते झाकण वर रुंद आणि तळाला निमुळतं असतं. उंचीच्या मध्यावर रेघ मारली तर औषध निम्म्याहून कमी बसतं. एवढं मला दिसत होतं. पण मग निम्मं नेमकं कुठे येतं, ते कसं काढायचं ते सुचत नव्हतं. मी आठवीत शाळा सोडली. असलं गणित पुढच्या इयत्तेत असेल असं मला वाटायचं. आणि विचारलं असतं तर वासंतीबाईंना कळलं असतं की आपल्या मास्तरला निम्मं काढता येत नाही.

तुमच्या बाटलीबरोबर जे झाकण होतं त्यावर रेघ होती, पण ती पुसट होती, आणि ती डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा वरची होती. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं, अर्धं झाकण.

पहिल्याच दिवशी, बुधवारी, बालवाडी बघायला मुंबईहून संस्थेच्या दोन बाई आल्या होत्या. मी मुलांना गोल बसवलं होतं. मधे बादली. सगळी काठोकाठ भरत होती, एक थेंब सांडत नव्हता. एक बाई वहीत लिहीत होत्या. मला घाम आला होता, पण मी खूश होतो. तेव्हा स्नेहल उठली. शेवंती आजी तिला न्यायला दारात आली होती. स्नेहल माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, आईनं सांगितलंय जीवनला अर्धं झाकन द्यायचं. अर्धं म्हंजी कुठवर?"

झाकण तिच्या हातात होतं. पुढे केलं होतं. मी त्यावर बोट ठेवून दाखवायला हवं होतं. थोडं कमी दाखवलं असतं तरी चाललं असतं. मला एवढंच दिसलं की त्या बाईंनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अर्धं-बिर्धं काही नसतं. झाकण म्हणजे काठोकाठ. शिकवलंय ना?"

ती म्हणाली, "पन आई..."

मी म्हणालो, "स्नेहल, बस खाली."

ती क्षणभर उभी राहिली. तिला पटलं नव्हतं, दाजी. उंच ग्लासाला न भुलणारी मुलगी ती. तिला पटलं नव्हतं, तरी तिनं माझं ऐकलं, कारण मी मामा होतो आणि मास्तर होतो.

बाई गेल्यावर मी तिला परत हाक मारून सांगेन असं मनात होतं. त्या गेल्या, मला शाबासकी देऊन गेल्या, आणि मी विसरलो. हे खरं आहे. मी तीन दिवस विसरलेलो होतो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिन्ही दुपारी तिनं काठोकाठ दिलं. शुक्रवारी संध्याकाळी ताई कामावरून आली तेव्हा जीवन उठेना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून विचारलं, औषध जास्त गेलंय, कोण देत होतं? पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला त्यातलं निम्मंच माहीत आहे. शनिवारी सगळं आटोपून आपण घरी आलो, तेव्हा तुम्ही स्नेहलला समोर घेऊन विचारलंत, "दुपारच्याला किती देत व्हतीस?" तिनं फळीवरून झाकण काढलं, माठातलं पाणी भरलं आणि तुम्हाला दाखवलं. काठोकाठ. हात हलत नव्हता. एक थेंब सांडला नाही. तुम्ही म्हणालात, "आईनं अर्धं सांगितलं व्हतं ना?" ती म्हणाली, "मामानं सांगितलं, अर्धं नसतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनंसुद्धा पाहिलं. मी उंबऱ्याजवळ बसलो होतो.

मी म्हणालो, "मी कशाला असं सांगीन? मला अर्धं कळत नाही का? लहान आहे, घाबरलीय, काहीही बोलते."

तुम्ही तिला मारलंत. एकच थोबाडीत. म्हणालात, "मामावर ढकलतीस? खोटं बोलतीस?" ती रडली नाही. तुमच्याकडे तिनं पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होती. मी मान खाली घातली. पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं होतं, तेवढं मला दिसत होतं.

तुमच्या हाताला मी दोष देत नाही. माझ्या बोलण्यावर तुम्ही विश्वास ठेवलात. मी शिकवणारा माणूस आहे म्हणून ठेवलात.

फेब्रुवारीच्या पत्रात मी दोष लिहून दिला होता, ते काम तिच्यावर मी टाकलं म्हणून. ते खरं होतं, पण मी ते पुढे केलं ते हे मागे ठेवायला. आणि डॉक्टरांचं वाक्य लिहिलं तेही त्यासाठीच. ते वाक्य मी रोज म्हणतो. त्यानं मला झोप लागते, म्हणून म्हणतो. पण स्नेहलला ते उपयोगाचं नाही. औषधानं गेला की जुलाबानं गेला, हा तिचा प्रश्न नाही. तिनं एकच खरी गोष्ट सांगितली आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून ती खोटी ठरवली. मग ती कशाला मोजेल? चार खडे मोजून चार म्हणाली आणि कुणी मोठा माणूस नाही म्हणाला, तर चार कुठे राहतात?

आणखी एक सांगतो. हे सांगितलं नाही तर पत्र पुरं होणार नाही. जीवन गेल्यावर दहा दिवसांनी मी बालवाडीत एकटा बसलो. ड्रॉपर घेतला आणि तसलंच एक झाकण थेंबाथेंबानं भरलं. काठोकाठ भरायला एकशे चार थेंब लागले. ओतून टाकलं. मग बावन्न थेंब घातले आणि पाणी जिथे थांबलं तिथे खिळ्यानं ओरखडा काढला. झालं निम्मं. पुढच्या इयत्तेतलं काही नव्हतं त्यात. शंभरच्या पुढे मोजता येणाऱ्या कुणालाही येईल. दहा मिनिटं लागली.

वासंतीबाईंना काल सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "मला विचारलं का नाहीस रे?" मी म्हणालो, लाज वाटली. त्या म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस असं मी आत्ता म्हणत नाही. आधी गावी जाऊन ये. मग बघू." त्यांनी माझ्याकडून खोलीची किल्ली मागून घेतली.

आता पुढचं स्नेहलसाठी आहे. दाजी, हे सावकाश वाचा.

स्नेहल, मी मामा. तू मला विचारलं होतंस, अर्धं म्हणजे कुठवर. तू बरोबर विचारलं होतंस. मला येत नव्हतं. मी सांगितलं, अर्धं नसतं. ते चूक होतं. अर्धं असतं. आई बरोबर होती आणि तू बरोबर होतीस. तू झाकण भरलंस ते मी सांगितलं म्हणून भरलंस. मग बाबांनी विचारलं तेव्हा तू खरं सांगितलंस. मी खोटं बोललो. तू खोटं बोलत नाहीस. तू कधीच खोटं बोलली नव्हतीस. त्या दिवशी घरात एक माणूस खोटं बोलला, तो मी.

तू रुसली असशील तर रूस. माझ्याशी बोलू नकोस. पण कुणी विचारलं तर त्यांना उत्तर दे. तुला जे दिसतं ते सांग.

दाजी, आई पाव्हण्यांना जे सांगतात ते यापुढे असं सांगायचं, की मुलीनं विचारलं होतं आणि मामानं चुकीचं सांगितलं. माझं नाव घेऊन सांगायचं. गुरुजींनाही हे पत्र दाखवा.

मी जयंतीच्या आदल्या दिवशी येतोय. रविवार आहे. विहारापुढे सगळे जमलेले असतील तेव्हा येईन. तुम्ही मारलंत तर मारून घेईन. घरात घेतलं नाहीत तर चालेल, विहारापुढे उभं राहून हेच तोंडी सांगेन. स्नेहलनं ते माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकायला हवं. मी तिला खोटी ठरवलं तेही सगळ्यांसमोरच होतं.

ताई, तुला मी एक शब्दही लिहिलेला नाही असं दिसेल. तुझं पोर गेलं आणि दीड वर्ष मी तुला उकाड्याचं आणि चाळीचं लिहीत राहिलो. तुझ्याशी बोलायला माझ्याकडे आज तोंड नाही. क्षमा मागत नाही, ती तुझ्याकडे उरली असेल असं वाटत नाही.

खाली मी पूर्ण नाव लिहितो, म्हणजे हे कुणी लिहिलं याबद्दल पुढे कुणाला शंका राहणार नाही.

उदय धर्माजी वाघमारे
स्नेहलनं ज्याचं नाव खरं सांगितलं होतं, तो